शेऱ्याचा रकाना

"ह्याचं पण आहे बघा यात," सर माईकवर म्हणाले आणि माझा दंड धरून मला पुढं ओढलं.

सरांच्या बारावीच्या क्लासच्या पालकांचा मेळावा होता. लातुरातलं एक मंगल कार्यालय, रविवार, सकाळचे अकरा. स्टेजवर सर, त्यांचे दोन मास्तर आणि कडेला मी. सरांच्या डाव्या हातात पामटॉप. तळहाताएवढं राखाडी मशीन, वर हिरवट काच, लिहायला एक प्लॅस्टिकची काडी. तेव्हा मोबाईलसुद्धा मोजक्याच लोकांच्या पट्ट्याला लटकायचे. खिशात मावणारा कॉम्प्युटर कुणी बघितलेला नव्हता. पालक माना उंच करून बघत होते.

सरांनी काडी टेकवली आणि वाचलं, "बाप पिंजारी. गाद्या भरतो. हा बारावीला दोनदा नापास." मग थोडं थांबून म्हणाले, "आमच्या क्लासला नव्हता ना."

सगळं कार्यालय हसलं. पहिल्या रांगेतले एक वकीलसाहेब तर डोळ्याला रुमाल लावून हसले. सर म्हणाले, "तुमची लेकरं हॉस्टेलात ज्या गाद्यांवर लोळतात ना, त्या ह्याच्या बापानं भरलेल्या. विचारा त्याला." परत हशा. मीपण हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो. हात बांधून, दात काढून.

मग सरांनी मशीन माझ्या हातात दिलं. "चल, पुढचं नाव काढ. ती औशाकडची, भूकंपातली. आता तिचं सांगू."

काचेवर माझंच पान अजून उघडं होतं. सरांनी मोठ्यानं वाचली नव्हती ती शेवटची ओळ तिथं होती. शेऱ्याच्या रकान्यात. "नोकरी सोडणार नाही. जास्त बोलू नये. खांद्यावर हात ठेवला की पुरे."

सर रोज माझ्या खांद्यावर हात ठेवायचे.

पुढं मी काय केलं ते सांगतोच. पण आधी मी काय करत होतो ते सांगायला पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, बिचारा. मी बिचारा नव्हतो.

माझं काम काउंटरवरचं. लातूरचं नाव तेव्हा नुकतंच गाजायला लागलं होतं. नांदेड, मुदखेड, उदगीर, पार माहूरकडून आईबाप पोरांना घेऊन यायचे. एसटीतून उतरायचं, पत्र्याची पेटी उचलायची आणि थेट क्लासला. मी त्यांना बसवायचो, पाणी द्यायचो. "कुठून आलात काका? पाऊसपाणी कसं? घरी कोण कोण?" माणूस प्रवासानं दमलेला असला की दोन गोड शब्दांवर सगळं सांगून टाकतो. काउंटरच्या खाली, माझ्या मांडीवर पामटॉप असायचा. वरून मी मान हलवायचो, खालून टिपून घ्यायचो. मशीनला मराठी येत नव्हतं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. नाव, गाव, दहावीचे मार्क, आणि सगळ्यात शेवटी शेरा.

मग "चहा सांगतो" म्हणून उठायचं आणि मशीन सरांच्या केबिनमध्ये ठेवून यायचं. पाच मिनिटांनी बोलावणं. सर दारातच म्हणायचे, "या काका. बोअरला पाणी लागलं म्हणे? आणि आईचा गुडघा कसा आहे?" बाप जागच्या जागी गार. "सर, तुमाला कसं ठावं?" सर हसायचे. "माझ्या लेकरांचं सगळं मला ठाऊक असतं."

भोंदूबाबाचा एक माणूस भक्तांच्या रांगेत बसून कान देत असतो ना, तो मी. आणि मला ते काम आवडत होतं. दोनदा नापास झालेला पोरगा. गल्लीत कुणी धड हाक मारत नव्हतं. त्याच्या हातात असलं मशीन, जे कलेक्टर हापिसातपण नव्हतं. सर म्हणायचे, "नाव-गाव कुणीपण भरतं रे. तू शेरा भर. माणूस शेऱ्यात असतो." खांद्यावर हात पडायचा. मी दिवसभर फुगून फिरायचो.

अब्बांना कळलं असतं तर पिंजणीच्या दांड्यानं हाणलं असतं मला. अब्बा जुनी गादी उसवायचे तेव्हा कापसातनं काय काय निघायचं. बायका गादीत जपून ठेवतात. चिठ्ठ्या, फोटो, ताईत, बाळाचं जावळ. अब्बांचा नेम ठरलेला होता. निघालं ते न बघता फडक्यात बांधायचं, घरच्या बाईच्या हातात द्यायचं आणि तोंडातनं शब्द काढायचा नाही. भूकंपानंतर ढिगाऱ्यातनं काढलेल्या गाद्या आमच्या दारात आल्या होत्या. मातीनं जड झालेल्या, दोघांनी उचलाव्या लागायच्या. त्यातनं निघालेली एक गाठोडी अब्बांनी बांधून ठेवली, तेव्हा मी विचारलं होतं, काय आहे त्यात? अब्बा म्हणाले, "तेरेकू कायकू? जिसका है उसकू देना." मी त्या घरात वाढलो. मला माहीत नव्हतं असं मी कुणाला सांगू शकत नाही.

आता ती पोरगी. तिचं नाव मी सांगणार नाही. तिच्याबद्दल एकदा सांगून झालंय, त्याचंच हे सगळं आहे.

औसा तालुक्यातली. भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावातली. सतरा वर्षांची. वर्गात कायम दाराजवळ बसायची. मधल्या बाकावर बसवलं की तिला दरदरून घाम फुटायचा आणि ती सारखी वर छताकडं बघायची. मास्तर चिडवायचे, "काय गं, पळून जायचंय का?" ती दाराकडं आणखी सरकायची. पण बायोलॉजीत पहिल्या पाचात तिचं नाव ठरलेलं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तिचा बाप महिन्यातून एकदा भाकरीचं फडकं घेऊन यायचा आणि दर वेळी काउंटरवर मला विचारायचा, "भाई, व्हईल ना माझी लेक?" मी म्हणायचो, "हाव काका, व्हईल की. कामून न्हाई व्हणार?"

एक दिवस भरदुपारी भारनियमन होतं. काउंटरची खोली मधली, खिडकी नसलेली. मी आत अंधारात बसलेलो, ती दारात उजेडात उभी. तिला हॉस्टेलातली खोली बदलून पाहिजे होती. डोक्यावर दुसरा मजला नको म्हणत होती. मी विचारलं, "कामून?" आणि ती बोलायला लागली.

भूकंप झाला तेव्हा ती सात वर्षांची. बाप शेतात झोपायला गेला होता म्हणून वाचला. घरात आई, ती आणि धाकटा भाऊ. लोकांनी दगडमाती उकरून तिला वर काढलं. एकानं विचारलं, आत अजून कोणी हाय का?

"त्याचा आवाज यायलता, भाई," ती म्हणाली. "मला ऐकू यायलता. पर मी बोलले न्हाई. तोंड उघडलंच न्हाई माझं. त्यायनी मला उचलून दूर नेलं."

बापाला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. बाप समजत होता की पोरगं आईच्या कुशीत झोपेतच गेलं. तिचं एकच म्हणणं होतं, त्याला तसंच समजू द्यावं. त्याच्याकडं तेवढंच उरलंय, ती म्हणाली.

मी मधे मधे "हं, हं" करत होतो. आणि खाली मांडीवर टिपत होतो. अंधार होता म्हणून काचेचा हिरवा दिवा लावला होता.

का टिपलं? वीस वर्षं झाली, मी स्वतःला विचारतोय. सरांना कळलं तर ते तिला सांभाळून घेतील असं वाटलं होतं, हे खरं. आणि असला शेरा आजपर्यंत कुणी दिला नसेल असंही वाटलं होतं. हे जास्त खरं.

सरांनी वाचलं. "शाबास," म्हणाले. खांद्यावर हात.

आठ दिवसांनी मी हजेरीचं रजिस्टर घेऊन वर्गात गेलो. सरांचं पोरांना चेव आणायचं भाषण चाललं होतं, हातात मशीन. तिला उभं केलं होतं. कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं नव्हतं. सर म्हणाले, "एकदा गप्प बसलीस, भाऊ गेला. आता गप्प बसशील तर सीट जाईल. बोल."

दोनशे पोरांचा वर्ग. कुणाला काही कळलं नाही. म्हणून सरांनी सगळं उलगडून सांगितलं. ढिगारा, आतून येणारा आवाज, न उघडलेलं तोंड. काडीनं एकेक ओळ खाली सरकवत. त्यांना वाटत होतं ते तिला पेटवतायत. ते राक्षस होते असं मी म्हणत नाही. त्यांना समोर पोरगी दिसतच नव्हती, शेरा दिसत होता. आणि शेरा मी लिहिलेला होता.

तिनं सरांकडं बघितलं नाही. वळून माझ्याकडं बघितलं. मी रजिस्टरात मान घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेटी घेऊन गावी गेली. मी सरांना एक शब्द बोललो नाही. दोन महिने त्याच काउंटरवर बसलो, मांडीवर तेच मशीन घेऊन, आणि शेरे भरत राहिलो. "कुठून आलात काका? घरी कोण कोण?" भूक लागत होती, झोप येत होती. माणूस किती निबर होऊ शकतो ते मी स्वतःवरनं सांगतो.

आता परत त्या कार्यालयात चला. मी स्टेजवर. काचेवर ती ओळ. माझं पान मी भरलेलं नव्हतं, सरांनी स्वतःच भरलं असणार. शेकडो पोरांचे शेरे मी लिहिले, पण त्यात स्वतःचं नाव शोधावं असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्या मशीनला दोन बारके सेल लागायचे. सेल बदलताना एका मिनिटाच्या आत नवे घालायचे, नाहीतर आतलं सगळं पुसून जायचं. कॉम्प्युटरला जोडायची वायर लाइटच्या झटक्यात जळून गेली होती, म्हणून दुसरीकडं कुठं नक्कल नव्हती. सेल बदलायचं काम माझं. दर वेळी सर समोर उभे राहून घड्याळ बघायचे.

मी मशीन पालथं केलं. मागचं झाकण सरकवलं. दोन्ही सेल काढले आणि मुठीत धरले.

सरांना वाटलं सेल संपले. माईकवर म्हणाले, "एक मिनिट हं. मशीनला भूक लागली आमच्या." लोक हसले. मी उभाच. सर हळू म्हणाले, "घाल की." मी घातले नाहीत. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग मुठीकडं. तेव्हा त्यांना कळलं. माईकवर हात धरून म्हणाले, "घाल रे. काय करायलास?" आणि मग त्यांनी तेच केलं. हात माझ्या खांद्यावर ठेवला. "बाळा," म्हणाले.

मी खांदा काढून घेतला. "नाही सर," म्हणालो. एवढंच. समोर भिंतीवर घड्याळ होतं. सेकंदकाटा पूर्ण फिरून वर आला, आणखी एकदा आला. मग मी मूठ उघडली आणि सेल टेबलावर ठेवले. घामानं ओले झाले होते.

इथं मला खोटं बोलायचं नाही. मी हे त्या पोरीसाठी केलं नाही. बापावर लोक हसले म्हणून केलं. त्या एका ओळीसाठी केलं. भर वर्गात तिची अब्रू काढली तेव्हा माझी मूठ वळली नव्हती. स्वतःच्या अंगावर आलं तेव्हा वळली. तिचा बाप तिसऱ्या रांगेत बसलाय हे मला सेल ठेवल्यावर दिसलं. मांडीवर भाकरीचं फडकं. ज्याला हे कधी कळू नये म्हणून ती दहा वर्षं गप्प होती, त्याच्यासमोर सर ते माईकवर वाचणार होते.

तोच उठून उभा राहिला. "सर, माझी लेक घरला आलीया. दोन महिनं झालं. काई सांगंना. तुमी सांगा, काय झालं?"

सरांनी मशीनकडं बघितलं. काच कोरी. मग त्याच्याकडं बघितलं. "आपण कोण?"

दर महिन्याला येणारा माणूस. ज्याला सर केबिनच्या दारात "या काका, या" म्हणायचे. तो तसाच उभा राहिला. म्हणाला, "सर, तुमी तर म्हणत व्हता, समदं ठावं असतंय." ह्या वेळी कुणी हसलं नाही. त्यानं गावाचं नाव सांगितलं. सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख यायला लागली. "अच्छा," ते म्हणाले, "ती का, भूकंपात जिनं..."

मी स्टेजवरून उडी मारली. माईकची वायर पायात आली की मी ओढली, मला आठवत नाही, पण आवाज बंद पडला. मी त्या माणसाचा हात धरला, "काका, बाहेर चला" म्हणालो आणि त्याला खुर्च्यांमधनं ओढत दाराबाहेर नेलं. तिच्यासाठी म्हणून मी केलेलं ते पहिलं काम. त्याला दोन महिने उशीर झाला होता.

मी त्याला बसस्टँडला आणलं. बाकावर बसल्यावर म्हणाला, "भाई, आता तू सांग."

तेव्हा मला कळलं मी कसा अडकलोय. झालेलं सांगायचं तर तिची गोष्ट परत एकदा सांगायची, आणि तीपण त्यालाच. मी म्हणालो, "काका, तिनं भरवशानं मला एक गोष्ट सांगितली व्हती. मी ती तिला न विचारता दुसऱ्याच्या हातात दिली. ती वर्गात बोलली गेली. म्हणून ती निघून आली."

"कोणती गोष्ट?"

"ती तिची हाय. तिला वाटलं तर ती सांगंल. तुमी इचारू नका. मी पाया पडतो तुमच्या."

त्यानं फडक्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाला, "चल. तिच्या तोंडावर सांग."

गावात सरळ रेघेत सिमेंटची घरं. एकासारखं एक. ती घरात नव्हती, अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर पुस्तक घेऊन बसली होती. बायोलॉजीचंच. बाप आम्हाला सोडून मागं म्हशीकडं गेला. मी उभ्या उभ्या सांगितलं. मांडीवर मशीन होतं. मी लिहीत होतो. सर तेच वाचत होते. आज मी सगळं पुसलं. तुमच्या बापाला काही सांगितलेलं नाही.

तिनं पुस्तक मिटलं. "तुमच्या हातात हिरवा उजेड दिसायलता," ती म्हणाली. "मला वाटलं, घड्याळ हाय."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"मशीनमधलं पुसलं म्हणता. त्या दोनशे पोरायच्या डोक्यातलं कसं पुसणार?"

तिनं पुस्तक बाजेवर ठेवलं.

"अंधार व्हता म्हणून मी बोलले," ती म्हणाली. "तुमचं तोंड दिसलं असतं तर बोलले नसते. जावा आता."

पाण्याचं विचारलं नाही तिनं. बरोबर केलं. परतीच्या एसटीत मी मुठी आवळून बसलो होतो, त्या रिकाम्या होत्या. ती पुढं डॉक्टर झाली का, मला माहीत नाही. कुणाला विचारलं नाही. तिच्याबद्दल काही विचारायचा हक्क मी त्या भारनियमनाच्या दुपारीच घालवला.

क्लास सुटला तो सुटलाच. काही वर्षं अब्बांबरोबर गाद्या भरल्या. अब्बांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला मारलं नाही. आठ दिवस माझ्याकडनं गादी उसवून घेतली नाही, फक्त शिवायला दिली. ते मारण्यापेक्षा जास्त लागलं.

आता लातुरातच माझं फॉर्म भरायचं दुकान आहे. ॲडमिशन, दाखले, शिष्यवृत्ती. आता सगळ्यांच्याच खिशात त्या पामटॉपच्या शंभरपट मशीन आहे. माणसं अजून तशीच एसटीतून उतरून येतात, दमलेली, आणि न विचारता सांगायला लागतात. परवा एका क्लासचा पोरगा आला, टाय लावलेला. मला "काका" म्हणाला. "पालक बसलेले असतात तेव्हा थोडी माहिती काढत जा ना. घरचा प्रॉब्लेम काय, पोरगं कशाला घाबरतं. ॲपमध्ये टाकायचं फक्त. खाली नोट्सला जागा आहे." मी त्याचा मोबाईल हातात घेऊन बघितलं. सगळ्यात शेवटी तोच रकाना होता, नाव तेवढं बदललेलं. निघताना त्यानं माझ्या खांद्याकडं हात आणला. मी तो वरच्यावर धरला आणि त्याला म्हणालो, "निघ. परत ह्या दारात दिसू नको."

त्याचे क्लासवाले आता पोरांना माझ्याकडं फॉर्म भरायला पाठवत नाहीत. नाही पाठवलं तर नाही.

फॉर्ममध्ये विचारलंय तेवढं मी लिहितो. शेऱ्याचा रकाना कोरा सोडतो. बोलणाऱ्याला बोलू देतो आणि ऐकलेलं तिथंच ठेवतो. अजून दुपारी लाइट जाते, तेव्हा चार्जिंगचा दिवा मी समोरच्याच्या तोंडावर लावत नाही, माझ्या तोंडावर लावतो. दोन्ही हात काउंटरच्या वर. मांडीवर काही नाही. समोरच्यानं आधी मला नीट बघावं, मग काय सांगायचं ते ठरवावं.

माफी मागायला मी परत त्या गावाला जाणार नाही. ती फक्त माझ्या मनाची सोय होईल. पण मी जिवंत असेपर्यंत माझ्या काउंटरवर कुणी अंधारात बोलणार नाही.